गिअरबॉक्सचे निदान आधी, कर्जाचा अर्ज नंतर

मुलुंडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा केटरिंगचा व्यवसाय आहे, आणि ऑक्टोबर ते मे या काळात त्या आपला फूड ट्रेलर सात आसनी, ऑटोमॅटिक डिझेल एसयूव्हीला जोडून मुंबई, लोणावळा आणि नाशिक परिसरातील जत्रा-महोत्सवांना नेतात. गाडी २०१७ ची असून १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या मोसमात ताशी सत्तरच्या आसपास एका वेगाने जाताना गाडी थरथरू लागली. पुढे कसारा घाटात ट्रेलर मागे असताना इंजिनाचे आरपीएम वर जात, पण गाडी ओढत नसे, आणि एकदा गिअरबॉक्स तापल्याचा इशाराही पॅनेलवर दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाडी नीट चालली.

सर्व्हिस सेंटरने संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्यासाठी जीएसटीसह ४ लाख २० हजारांचे एस्टिमेट दिले आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या एका खासगी गॅरेजने दुरुस्तीचे तोंडी १ लाख ४० हजार सांगितले आहेत. जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे त्या स्थितीत साडेचार लाख देऊ करतो. गाडी सुस्थितीत असती तर आठ लाख दिले असते, असे तो म्हणतो. या सगळ्याला कंटाळून गाडी विकावी, मुलीच्या पुढील वर्षीच्या प्रवेशासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून १६ लाखांचे कर्ज काढावे आणि २४ लाखांची नवी एसयूव्ही घ्यावी, असे त्यांच्या मनात आहे. हे योग्य ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या पत्रासोबतचे एस्टिमेट मी दोनदा वाचले. त्यात ‘गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे’ अशी एक ओळ आहे, मजुरीची दुसरी ओळ आहे आणि खाली बारीक अक्षरांत गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा पी ०७४१ हा कोड आहे. तेलाची पातळी पाहिली का, तेलाचा रंग कसा होता, ऑइल पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) उघडले होते का, यांपैकी कशाचीही नोंद नाही. म्हणजे आपल्या हातात किंमत आहे, निदान नाही. ४ लाख २० हजार की २४ लाख, हा प्रश्न निदानाशिवाय सोडवता येत नाही, आणि निदानाचा खर्च या दोन्ही आकड्यांच्या तुलनेत किरकोळ आहे.

पी ०७४१ हा कोड टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागाच्या) लॉक-अप क्लचचे काम अपेक्षेप्रमाणे होत नसल्याचे सांगतो. एका वेगाने जाताना हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो, त्यामुळे घसर थांबते आणि उष्णता कमी होते. तो धरत-सुटत असेल तर खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते, आणि आपण नेमके तेच लिहिले आहे. परंतु दोष कन्व्हर्टरमध्ये असू शकतो, त्याला तेलाचा दाब पुरवणाऱ्या सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या झडपेत) किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाची वाट ठरवणाऱ्या झडपांच्या संचात) असू शकतो, वायरिंगमध्ये असू शकतो, किंवा जळून निकामी झालेल्या तेलातही असू शकतो. यांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग कारणाच्या खर्चात काही लाखांचे अंतर आहे. कोडवरून सरळ संपूर्ण गिअरबॉक्स बदलणे सर्व्हिस सेंटरला सोयीचे असते, कारण तिथे गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्याची व्यवस्था बहुधा नसते. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण त्यांची सोय आणि आपले हित एकच नाही.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे जावी. आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासून घ्यावे, कारण व्होल्टेज कमी पडले तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा संगणक विचित्र वागतो. मग फक्त इंजिनाचे नव्हे, तर गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधील सर्व कोड वाचून त्यांची छापील प्रत घ्यावी. पी ०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर चुकते आहे. तो असेल तर आतील क्लच घसरत असल्याचा संशय वाढतो. पी ०२१८ म्हणजे तेल मर्यादेबाहेर तापले होते. नुसता पी ०७०० असेल तर त्यावरून काहीच ठरवू नये. गिअरबॉक्सच्या संगणकाने काहीतरी नोंदवले आहे एवढेच तो सांगतो. इंजिन मिसफायर होत असले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसले, तरी अशीच थरथर येते, म्हणून तीही शक्यता त्याच बैठकीत निकालात काढावी. रस्त्यावर एक साधी चाचणी करता येते: थरथर सुरू असताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका दाबला की बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर बोट कन्व्हर्टरकडे वळते. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, ट्रेलर न जोडता आणि मेकॅनिक चालवत असतानाच करावी.

खरी माहिती तेलात असते. आपण लिहिता की सर्व्हिस सेंटरच्या म्हणण्यानुसार हे तेल ‘लाइफटाइम’ आहे, म्हणून ते एकदाही बदललेले नाही. हा शब्द ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला लावणे मला मान्य नाही. झेडएफसारखी स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनीदेखील आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावे असे सांगते. चढावर, कमी वेगात, मागे भार असताना कन्व्हर्टरमधील घसर सर्वाधिक असते आणि तिची सगळी उष्णता तेलातच जाते. तापलेले तेल काळवंडते, त्याला करपट वास येतो आणि क्लचवरचे घर्षण-अस्तर झिजू लागते.

म्हणून ऑइल पॅन आपल्यासमोर उघडायला सांगावे, आणि त्यासाठी अर्धा दिवस गॅरेजमध्ये उभे राहावे लागले तरी राहावे. पॅनच्या तळाशी लोहचुंबक असतात. त्यांवर राखाडी, मऊ लेप दिसला तर एवढ्या किलोमीटरनंतर तो अपेक्षितच आहे. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा तुकडे निघाले, तर आतील मुख्य भाग तुटत आहेत. तेल दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट आत शिरले आहे, किंवा पाणी गेले आहे. एलबीएस रोडवर तुंबलेल्या पाण्यात गाडी कधी अडकली होती का, हे आठवून पाहावे. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधूनही (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातूनही) पाणी आत जाते. तसे झाले असेल आणि आपल्या पॉलिसीत इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाची पुरवणी असेल, तर विमा कंपनीला आजच कळवावे. अन्यथा नेहमीची वाहन विमा पॉलिसी यांत्रिक बिघाड किंवा झीज भरून देत नाही, त्यामुळे त्या बाजूने काही मिळेल असे धरून हिशोब करू नये.

आता पैशांकडे येऊ. १६ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३३ हजार ६०० रुपये येतो. वर्षाचे ४ लाख ३ हजार झाले. ट्रेलरमधून खर्च वजा जाता महिन्याला ५५ हजार सुटतात असे आपण लिहिता. मोसम आठ महिन्यांचा, म्हणजे वर्षाला ४ लाख ४० हजार. नव्या गाडीचा विमा यातून भरला की ट्रेलरचा धंदा पाच वर्षे फक्त हप्त्यांसाठी चालवल्यासारखे होईल, आणि एखादा मोसम अवकाळी पावसात गेला तर हप्ता घरखर्चातून भरावा लागेल. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील कर सेससह ५० टक्क्यांपर्यंत होता तो ४० टक्के झाला, हे खरे. पण महाराष्ट्रात डिझेल गाडीवर किमतीनुसार १३ ते १५ टक्के वाहन कर वेगळा भरावा लागतो. शोरूममधील कोणी ‘धंद्यासाठी घेतली की जीएसटी परत मिळतो’ असे सांगितले असेल, तर ते विसरावे. अशा प्रवासी गाड्यांच्या खरेदीवर आणि त्यांच्या दुरुस्तीवरही इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सोय) रोखलेले आहे, शिवाय ५ टक्के दराने केटरिंग करणाऱ्याला ते एरवीही मिळत नाही.

दुरुस्तीचा हिशोब वेगळा दिसतो. खासगी गॅरेजचे १ लाख ४० हजार बिलाशिवायचे आहेत. १८ टक्के जीएसटीसह ते १ लाख ६५ हजार २०० होतात. बिल घ्यावेच, कारण पुढे वॉरंटीवरून वाद झाला तर तोंडी शब्दाला किंमत राहणार नाही. दुरुस्तीमुळे गाडीची किंमत साडेचारवरून आठ लाखांवर जात असेल, तर हा साडेतीन लाखांचा फरक आहे. १ लाख ६५ हजारांचा खर्च त्यात बसतो, अगदी उद्या गाडी विकायची ठरली तरी. ४ लाख २० हजारांचा बसत नाही. व्यापाऱ्याचे आठ लाख हे तोंडचे आकडे आहेत आणि दुरुस्ती फसण्याचीही शक्यता असते, म्हणून मी आपल्यासाठी २ लाखांची मर्यादा घालतो. गेल्या वर्षी टायर आणि सस्पेन्शनवर घातलेले ७० हजार ‘वाया जातील’ असे आपण लिहिले आहे. ते खर्च होऊन गेले. गाडी ठेवली काय किंवा विकली काय, परत येणार नाहीत, आणि म्हणून या निर्णयात त्यांना मत नाही.

तपासणीत तेल, सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी यांपैकी काही निघाले, तर दुरुस्ती करावी आणि पुढचा मोसम काढावा. कन्व्हर्टर आणि क्लच गेले असतील, तर २ लाखांच्या आत गिअरबॉक्स रीबिल्ड करून, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधून घ्यावा. मात्र कन्व्हर्टर बदलला जाईल, कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या जातील किंवा बदलल्या जातील, आणि किमान वर्षभराची वॉरंटी मिळेल, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. जुन्या कूलरमध्ये अडकलेला कचरा नव्याने बांधलेल्या गिअरबॉक्सलाही खातो. गिअरचे मुख्य भाग किंवा केसिंग तुटलेले निघाले, तर गाडी विकावी. तपासणीचा कागद दाखवून विकावी, कारण व्यापाऱ्याने कापलेल्या रकमेत बिघाडाइतकाच अज्ञाताचाही वाटा असतो. त्या परिस्थितीतही नवी २४ लाखांची नव्हे, चार-पाच वर्षे वापरलेली गाडी पाहावी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना गिअरबॉक्स आणून बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी दिलाच असेल. तो गिअरबॉक्स कसा वापरला गेला याचा कोणताही पुरावा मिळत नाही, त्यामुळे ट्रेलर ओढायच्या गाडीसाठी मी तो पर्याय बाजूला ठेवेन.

मुलीच्या प्रवेशाची मुदत ठेव मोडू नये. रीबिल्डसाठी रोकड कमी पडली, तर त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्यावा. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त असतो, आणि वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतेच व्याज लागते. प्रवेशाच्या आधी तो फेडला जाईल इतकीच रक्कम उचलावी.

गाडी कोणतीही ठेवली, तरी तिच्यावर पडणारा भार तोच राहिला तर हेच पुन्हा घडेल. भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन तोलावा, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची मर्यादा दिली आहे का ते पाहावे. ती दिलेलीच नसेल किंवा ओलांडली असेल, तर नव्या गाडीतही वॉरंटीचा दावा टिकवणे अवघड जाईल. ट्रेलरला २०० लिटरची पाण्याची टाकी आहे आणि ती मुलुंडलाच भरून निघतो, असे आपण जाता जाता लिहिले आहे. म्हणजे २०० किलो पाणी घाट चढते. टाकी नाशिकला पोहोचून भरावी. याला एक पैसाही लागत नाही. गिअरबॉक्सला बाहेरचा जादा कूलर बसवावा, तेल दर ४० हजार किलोमीटरला बदलावे आणि चढावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवावा. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीच्या बोगद्याने घाटाची वळणे वाचतात, पण चढायची उंची तीच असल्यामुळे भार कमी झाला असे समजू नये. पिकअपवाल्याने नाशिकच्या जाऊन-येऊन फेरीचे साडेसात हजार सांगितले आहेत. आपल्या घाटातील फेऱ्या वर्षाला दहाच्या आसपास आहेत, म्हणजे ७५ हजार रुपये. गाडी फक्त मुंबईतल्या फेऱ्यांना वापरून घाटात पिकअप लावण्याचा आपल्या यजमानांचा विचार मला या पत्रातील सर्वांत शहाणा वाटला.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. आपली गाडी खासगी नोंदणीची आहे. खासगी गाडीच्या विम्यात ‘वापराच्या मर्यादा’ असा परिच्छेद असतो आणि भाड्याने दिलेला वापर, तसेच नमुने व वैयक्तिक सामान वगळता मालवाहतूक त्यातून वगळलेली असते. व्यवसायाचा ट्रेलर जोडून जाताना अपघात झाला, तर दावा मान्य होईल का, हे विमा कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आणि विमा आहे ना, तेही त्याच वेळी तपासावे. घाटात ट्रेलर उलटला तर होणाऱ्या नुकसानीपुढे गिअरबॉक्सचा खर्च फारच लहान ठरेल.

सध्या पावसाळा आहे, ट्रेलर उभा आहे आणि ऑक्टोबरपर्यंत आपल्याला कसलीही घाई नाही. ‘ऑफर महिनाअखेरपर्यंतच’ हे शोरूमचे वेळापत्रक आहे, आपले नाही. या आठवड्यात कोडची छापील प्रत आणि उघडलेल्या ऑइल पॅनचे फोटो घ्यावेत, त्यांच्या आधारे दोन गॅरेजांकडून लेखी, जीएसटीसह दर मागवावेत, आणि तोपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नये.