वयाच्या ४१व्या वर्षी पदवीचा अभ्यास सुरू केला, पण वाचलेले लक्षात राहत नाही. संशोधन याबद्दल काय सांगते?

आपण लिहिले आहे की आपले वय ४१ आहे, हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात स्टोअर विभागात नोकरी आहे, मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे, पण एकच प्रकरण तीन-तीनदा वाचूनही आठवड्याभरात सगळे पुसले जाते, आणि त्यामुळे वयानुसार बुद्धी मंदावली असावी असे वाटून प्रवेश सोडून देण्याचा विचार मनात घोळतो आहे. मी नागपुरातील एका अभ्यासकेंद्रावर अकरा वर्षे वाणिज्य शाखेचा समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, होतो, त्यामुळे या विषयावरचे संशोधन मी वाचले ते हौसेने नव्हे, तर संपर्कसत्रातले, म्हणजे केंद्रावर भरणाऱ्या वर्गांतले, बाक दर महिन्याला रिकामे का होत जातात हे कळेना म्हणून.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढतो. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे प्रौढांच्या बौद्धिक क्षमतांचा अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी पुन्हा चाचण्या घेत तो कित्येक दशके चालवला. त्यातून असे दिसले की चिन्हे व आकडे झरझर ओळखण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरत जातो, मात्र शब्दसंपत्ती आणि भाषेचे आकलन मध्यमवयापर्यंत वाढते किंवा टिकून राहते, आणि बहुतेक क्षमतांमधली ठळक घट साठीच्या आसपास किंवा त्यानंतरच जाणवू लागते. एकवीस वर्षांच्या मुलापेक्षा आपल्याला थोडा जास्त वेळ लागेल एवढे मान्य करावे. तीनदा वाचूनही विसरायला होते याचे खापर मात्र वयावर फोडता येत नाही, कारण तीनदा वाचून तो एकवीस वर्षांचा मुलगाही विसरतो.

यावर सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी केलेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. त्यानंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून जे आठवले ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट दिसली आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे तिच्यात आहे. ज्यांनी उतारा पुन:पुन्हा वाचला त्यांनाच आपल्याला तो उत्तम लक्षात राहील अशी सर्वांत जास्त खात्री होती, आणि आठवड्यानंतर तेच मागे पडले. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण ज्ञान समजून बसतो. उलट आठवून लिहिताना अडखळायला होते, घाम फुटतो, काहीच येत नाही असे वाटते, आणि नेमके त्याच वेळी शिकणे घडत असते. (प्रयोग अमेरिकेतील तरुण विद्यार्थ्यांवर झाला होता ही मर्यादा लक्षात ठेवावी, पण डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले तेव्हाही स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणे या दोनच पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या, तर पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे तळाला गेले.)

ओळी रंगवण्यावरून एक प्रसंग आठवला. माझ्या एका विद्यार्थिनीचे लेखाकर्माचे पुस्तक पिवळेधमक झालेले होते, इतके की न रंगवलेली ओळ शोधावी लागे. मी ते मिटून माझ्याकडे ठेवले, गृहपाठाचा एक पाठकोरा कागद दिला आणि घसारा म्हणजे काय ते लिहायला सांगितले. तिने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा दीड ओळ लिहिली, आणि रडवेली होऊन म्हणाली, “सर, काल रात्री पूर्ण पाठ होतं हे.” मी तो कागद परत घेतला नाही. पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरायला लावले आणि पुढच्या सत्रात पुन्हा कोरा कागद दिला, तेव्हा अर्धे पान भरले. वेगळ्या शाईच्या ओळी मोजल्या की आपल्याला काय येत नाही ते नेमके दिसते. रंगवलेल्या पुस्तकात ते कधीच दिसत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक जमेची बाजू आहे. माल्कम नोल्स यांनी १९७० मध्ये प्रौढशिक्षणावरील ग्रंथात असे मांडले की प्रौढ माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही, त्याचा अनुभव हेच त्याच्या शिक्षणाचे भांडवल असते. प्रौढ आणि मुले यांच्यात त्यांनी आखलेली रेघ फार ठळक आहे अशी टीका झाली आणि १९८० च्या आवृत्तीत त्यांनी ती स्वतःच पुसट केली, म्हणून हा सिद्धान्त मी डोळे मिटून स्वीकारत नाही. पण स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला साठा मूल्यांकन शिकवताना तो शंभर टक्के लागू पडताना मी पाहिला आहे. आधी आलेला माल आधी काढायचा हे आपण रोज करता. पुस्तकात तेच कोष्टक करून दिलेले असते आणि ते परके वाटते, कारण त्यात आपले गोडाऊन नसते. कोष्टक पाठ करण्याआधी आपल्याच रजिस्टरमधल्या एखाद्या मालाची चार आवक आणि तीन जावक घेऊन ते मांडून पाहावे.

आता ज्या गोष्टीकडे आपण प्रश्नात एका वाक्यात पाहून पुढे गेलात तिच्याकडे येतो: “वेळ तर कमीच मिळतो.” संशोधनात हीच गोष्ट सर्वांत जड आहे. विद्यार्थी शिक्षण का सोडतात याचे व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेले प्रारूप वसतिगृहात राहणाऱ्या तरुणांना छान बसते, कारण त्यात महाविद्यालयाच्या जीवनात मिसळून जाण्याला मोठे स्थान आहे. बीन आणि मेट्झनर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की वयाने मोठ्या, घरून ये-जा करणाऱ्या, नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गणित निराळे असते. त्यांच्या बाबतीत नोकरीचे तास, घरच्या जबाबदाऱ्या, पैशाची ओढाताण आणि घरच्यांचा पाठिंबा यांचे वजन इतके असते की अभ्यासात चांगले गुण मिळत असूनही माणूस बाहेर पडतो. पॅट्रिशिया क्रॉस यांनी त्याआधी १९८१ मध्ये अडथळ्यांचे तीन प्रकार केले होते: परिस्थितीचे, संस्थेने उभे केलेले आणि मनातले. तिसऱ्या प्रकारावर आपण सगळे फार बोलतो, दुसऱ्यावर कोणीच बोलत नाही.

मीही बोलत नव्हतो. आमच्या केंद्रावर संपर्कसत्रे रविवारी सकाळी होत. बुटीबोरीकडून येणारे चौघे जण सलग तीन रविवार आले नाहीत तेव्हा मी हजेरीपटावर लाल शाईने रेघा मारल्या आणि “यांना शिकायचेच नाही” असे केंद्रसंयोजकांना सांगूनही टाकले. पुढे त्यांतला एक जण गृहपाठ द्यायला आला तेव्हा कळले की त्यांच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते, आणि दर रविवारी येण्यासाठी त्यांना दिवसाच्या पगारावर पाणी सोडावे लागे. त्याला हे आधी सांगायला काय झाले होते, असे मी विचारले. तो म्हणाला, “सर, कोणी विचारलंच नाही ना जी.” जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली तीच मुळी रात्रीची होती, इतक्या जुन्या गोष्टीची आम्हाला आठवण नसावी याची मला अजून लाज वाटते.

म्हणून माझे सांगणे असे की अभ्यासाची पद्धत बदलण्याआधी आठवड्याचे तास कागदावर मांडावेत. पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी यांसाठी तीन वेगळे तक्ते करावेत, कारण तिसऱ्या पाळीनंतर सकाळी पुस्तक उघडणे म्हणजे झोपेशी झुंज आहे. तीस मिनिटांचे चार तुकडे एका सलग दोन तासांपेक्षा अधिक लाभतात. लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीकडे येत असाल तर पुस्तक पिशवीतच ठेवून काल वाचलेले मुद्दे मनात जुळवावेत, उतरल्यावर पडताळावेत. उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीत आणि मुलांच्या सुट्ट्यांत, फार काही होणार नाही असे धरूनच चालावे आणि जड विषय हिवाळ्यात उरकावेत. घरच्यांनाही तो तक्ता दाखवावा. पाठिंबा द्यायची तयारी पुष्कळदा असते, नेमका कोणत्या वेळी द्यायचा हे त्यांना ठाऊक नसते.

प्रवेश सोडण्याबद्दल इतकेच सांगतो की संपर्कसत्रे आपल्या सुट्टीच्या दिवशी येत नसतील तर ते केंद्रावर लेखी कळवावे, शक्य असल्यास अडचण असलेल्या चार-पाच जणांच्या सह्यांनिशी, आणि नोंदणीची मुदत किती वर्षे आहे तेही तिथेच विचारून घ्यावे. २०२१ पासून श्रेयांक बँकेची, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) खात्यात साठवून ठेवण्याची, सोय झाली आहे आणि तीत जमा झालेले श्रेयांक साधारण सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात, त्यामुळे यंदा सहाऐवजी तीनच विषयांची परीक्षा दिली तरी ते तीन वाया जात नाहीत. आमचा तो बुधवारवाला विद्यार्थी पदवी घ्यायला तीनऐवजी पाच वर्षे लावून गेला. आता तो त्याच कारखान्यात लेखा विभागात आहे आणि गृहपाठ मात्र शेवटपर्यंत उशिराच द्यायचा, हेही सांगायला हवे.