वाचकांचे प्रश्न: लहान टॅब्लेट ठेवू की काढू?

प्रश्न: माझ्याकडे ८ इंची टॅब्लेट आहे. पीडीएफ वाचायला १३ इंची घेतोय. जुना काढून टाकू का?

उत्तर: मुळीच नको. आडवं पडून एका हातात धरायला ८ इंचीच बरा, वजन साधारण ३०० ग्रॅम. १३ इंची त्याच्या जवळपास दुप्पट भरतो. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. तो टेबलावर, स्टँडला टेकवूनच वापरा. मात्र पीडीएफसाठी तुमचा निर्णय अगदी योग्य. ए-४ पानाचा कर्ण १४.३ इंच असतो. ८ इंची पडद्यावर ते जेमतेम निम्म्या मापाचं दिसतं, ११ पॉइंटचं अक्षर सहाच्या आसपास येतं आणि प्रत्येक ओळीला चिमटीनं पान मोठं करावं लागतं.

खरी गडबड होते ती खुणांची. एकाच फाइलवर दोन्हीकडे ऑफलाइन खुणा केल्या, की सिंक होताना दोन वेगळ्या प्रती तयार होऊ शकतात. म्हणून खुणा मोठ्यावरच करा आणि लहान उघडण्याआधी सिंक पूर्ण होऊ द्या.

लहान टॅब्लेट महिनाभर पडून राहणार असेल, तर चार्ज ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून बंद करा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी लवकर खराब होते.