तीन महिने दारात उभी असलेली जुनी पद्मिनी, सेल (स्टार्टर) फिरतो पण गाडी सुरू होत नाही (नाशिकरोड). आधी काय बघू?

कार्ब्युरेटरला (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) हात लावण्याआधी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढा. नाशिकच्या पावसाळ्यात गाडी नुसती उभी राहिली की आतल्या पॉइंटवर (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) काळपट थर धरतो आणि ठिणगीच पडत नाही. अशा गाड्यांवर हात काळे करून हेच जास्त वेळा सापडलंय. पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा, झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसून परत बसवा. मग एक स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरला लावा, पकडीने इंजिनच्या लोखंडाला टेकवा (पेट्रोलपासून लांब, हे विसरू नका) आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली आली तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबीसारखा भाग) बदलून बघा. ठिणगी ठणठणीत असेल, तर मात्र दोष पेट्रोलच्या बाजूला शोधा.