हुरड्याच्या रानातून सड्यावरच्या गावांकडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडीच्या दिवसांतील प्रवासाविषयी आम्ही मागील अंकात प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : स्वतःची गाडी घेऊन, गर्दीची ठिकाणे टाळून कोकणातील शांत गावांपर्यंत कसे जावे? त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात, आम्ही पाच दिवसांसाठी कोकणात जाण्याचे ठरवले आहे. मी, पत्नी, शाळकरी मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघे असू. नातेवाईक म्हणतात, एवढ्या लांब जाताच आहात तर अलिबागपासून मालवणपर्यंतचा सगळा किनारा करून या. आम्हाला मात्र निवांत गावे पाहायची आहेत. मार्ग सुचवावा. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : नातेवाइकांचा सल्ला प्रेमाचा असला तरी तो मानू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. नकाशावर सरळ दिसणारा कोकण किनारा प्रत्यक्षात खाड्यांनी तुटलेला आहे. समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी कधी पुलापर्यंत वळसा घालावा लागतो, तर कधी तरीची, म्हणजे खाडी पार करणाऱ्या होडीची, वाट पाहावी लागते. पाच दिवसांत सगळा किनारा करायचा म्हटले तर मातोश्रींना गाडीच्या खिडकीखेरीज काहीच पाहायला मिळणार नाही. त्याऐवजी रत्नागिरीच्या दक्षिणेचा पावस ते जैतापूर हा छोटा पट्टा निवडावा, एकाच गावात तीन रात्री मुक्काम करावा आणि तेथून आसपास फिरावे.

आपला मार्ग सोपा आहे. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, कोल्हापूर आणि पुढे आंबा घाट उतरून रत्नागिरी असा हा 166 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. कोल्हापूरपर्यंतचे सव्वादोनशे किलोमीटर एका दमात उरकण्याचा मोह होतो, कारण रस्ता रुंद आहे. पण जानेवारीत हा भाग उरकून टाकण्यासारखा नसतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून वाढलेली मालदांडी ज्वारी तेव्हा हुरड्यावर आलेली असते. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे गाव ते हेच. शेतात आगटी पेटवून भाजलेली कणसे, हातावर चोळून काढलेले गरम हिरवे दाणे आणि सोबत शेंगाचटणी आपल्या घरच्यांना नवी नसतील. तरीही प्रवासाची सुरुवात येथूनच करावी, कारण दोन दिवसांनी ताटात तांदळाची भाकरी येईल तेव्हा आपण किती वेगळ्या मुलखात आलो आहोत हे मुलाला न सांगता कळेल. आपल्याकडे वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक. एवढा फरक एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहे, आणि तो हळूहळू बदलताना पाहणे हाच या प्रवासाचा गाभा आहे.

मिरजेनंतर महामार्ग सोडून नृसिंहवाडी आणि कुरुंदवाडमार्गे कृष्णाकाठच्या खिद्रापूरला जावे. तेथील कोपेश्वराचे मंदिर शिलाहारकालीन आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छतच नाही. बारा खांबांवर तोललेले एक वर्तुळ आभाळाकडे उघडे ठेवले आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची वर्तुळाकार शिळा बसवली आहे. दुपारच्या उन्हाचा गोल त्या मंडपात उतरतो. तेथे मातोश्रींना थोडा वेळ निवांत बसू द्यावे. बाहेरच्या बाजूने मंदिराचा भार पेलणाऱ्या हत्तींची रांगही पाहावी. रात्रीचा मुक्काम कोल्हापुरात करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरवरून आंबा घाट उतरावा. पाली, हातखंबा करत रत्नागिरी गाठावी आणि शहरात न रेंगाळता भाट्ये पूल ओलांडून पावसकडे वळावे. पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे. पुढे मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड, खाडीपलीकडे गावखडी, मग कशेळी आणि आडिवरे ही गावे येतात. कशेळीला कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे मंदिर आहे. महाराष्ट्रात सूर्यमंदिरे विरळ असल्याने त्याचे महत्त्व वेगळे. रथसप्तमीला तेथे उत्सव असतो. तिथी आपल्या सुट्टीत येते का ते पाहावे. आडिवऱ्याच्या महाकालीचे दर्शन घेऊन त्याच दिवशी मुक्कामी परत येता येते. फक्त 26 जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळावी. त्या दिवसांत शांत गावेही शांत राहत नाहीत.

प्रश्न : मी बारा वर्षे गाडी चालवतो, पण सारी सोलापूर, पंढरपूर, विजयपूर अशा सपाटीवर. घाट उतरण्याचा सराव नाही. भीती बाळगावी का? (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : भीती बाळगू नये, सवय मात्र बदलावी. सपाटीवर वेग आवरायचा म्हणजे ब्रेक दाबायचा, एवढेच आपल्या पायाला ठाऊक असते. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नेमके गरजेच्या वेळी नीट लागत नाहीत. म्हणून ज्या गिअरमध्ये आपण तो चढ चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे आणि गाडीचा वेग इंजिनाला आवरू द्यावा. ब्रेक वळणापूर्वी थोडा दाबून सोडून द्यावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवणारे काही जण भेटतात. त्यांचे अजिबात ऐकू नये. अरुंद जागी चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा आणि आपली बाजू सोडू नये. आंबा घाटाच्या मार्गावर रुंदीकरणाची कामे झाली आणि होत आहेत, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी वाहतुकीची चौकशी करावी. घाट उजेडीच उतरावा.

खरी परीक्षा घाटानंतर गावातल्या रस्त्यांवर असते. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना जांभ्याचे, म्हणजे तांबड्या दगडाचे, गडगे (बुटक्या भिंती) आणि समोरून येणारी एसटी, अशी वेळ वारंवार येते. तेथे शंभर पावले मागे जाण्याची तयारी आपणच ठेवावी, कारण एसटीच्या चालकाला दिवसभरात असे अनेक जण भेटतात आणि त्याला वेळ पाळायची असते.

प्रश्न : दोन लहान मुलांना घेऊन जात आहोत. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. पाण्यात उतरणे कधी सुरक्षित आणि कधी नाही, हे नवख्या माणसाने कसे ओळखावे? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत, कारण निर्जन किनाऱ्यावर शिट्टी वाजवून बोलावणारा जीवरक्षक नसतो. सर्वांत आधी त्या गावातल्या माणसाला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर वाद घालू नये.

भरतीचा अंदाज मात्र घरच्या दिनदर्शिकेवरूनही येतो. किनाऱ्यावर वापरात असलेला जुना हिशेब असा : पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंढरीच्या वारीमुळे आपल्या जिल्ह्यात एकादशी सर्वांच्या ध्यानात असते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. अकराला पाऊणने गुणले की सव्वाआठ येतात. म्हणजे एकादशीला सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असेल, तेथून सहा तासांनी, अडीचच्या आसपास, पूर्ण ओहोटी असेल आणि रात्री पुन्हा साडेआठनंतर भरती येईल. अमावास्या व पौर्णिमा या दोन्हींसाठी पंधरा आकडा धरावा. त्या दिवसांच्या आगेमागे उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओसरतानाही तेवढेच लांब जाते. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. हा अंदाज तास-अर्ध्या तासाने चुकू शकतो; नेमकी वेळ त्या त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यातच पाहावी. तरीही मुलांना घेऊन खडकांवर खेकडे पाहायला जायचे की वाळूतच खेळायचे, हे ठरवायला तो बराच उपयोगी पडतो.

दोन गोष्टींबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. खाडीच्या मुखाशी, उदाहरणार्थ पूर्णगड आणि गावखडीच्या मध्ये, पाण्यात उतरू नये. ओहोटी लागली की खाडीचे सारे पाणी समुद्राकडे धावते आणि वरून संथ दिसणारा तो प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो. आणि गाडी वाळूवर उतरवू नये. चाके रुततात आणि बाहेर काढायची धडपड चालू असतानाच पाणी चढू लागते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. लहान गावांत जेवणाची सोय होईल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : उत्तम होईल, फक्त आधी सांगावे लागेल. या गावांत हॉटेले थोडी आहेत. घरगुती निवास आणि घरगुती जेवण हीच खरी सोय. घरची माणसे जेवणाऱ्यांची संख्या पाहून नारळ खवतात, त्यामुळे दुपारचे जेवण हवे असेल तर सकाळच्या न्याहारीलाच कल्पना द्यावी. कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची उसळ, घावन, सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगितल्यास उकडीचे मोदक, एवढ्यावर शाकाहारी माणसाचे तीन दिवस आनंदात जातात. बरोबर आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी. वाटेत उपयोगी पडेलच. शिवाय यजमानांच्या घरी दिल्यास त्यांनाही अपूर्वाई वाटेल. रोख रक्कम जवळ ठेवावी आणि इंधन रत्नागिरीतच भरून घ्यावे.

प्रश्न : कशेळीजवळच्या कातळशिल्पांची छायाचित्रे काढायची आहेत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडूची पूड भरावी, असे एकाने सुचवले. तसे करावे का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : कृपया करू नये. खडू, रांगोळी, रंग, काहीही नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेल्या या रेषा उथळ आहेत. पावसाने, गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या बुटांनी त्या आधीच झिजत आल्या आहेत. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे आणि तिच्या आत कितीतरी लहानमोठ्या प्राण्यांच्या व जलचरांच्या आकृत्या कोरल्या आहेत. एवढे मोठे चित्र जमिनीवर उभे राहून एका नजरेत मावत नाही. कडेने चालत, आधी पाठीची रेषा, मग सोंड, मग पाय असे ते मनात जुळवावे लागते. आपल्यासारख्या चित्र पाहणाऱ्या मुलीने हे जुळवणे चुकवू नये. छायाचित्रासाठी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला असताना जावे. तिरप्या उन्हात खोदीव रेषेत आपोआप सावली भरते आणि आकृती स्पष्ट होते. भर दुपारी सडा नुसता तापतो आणि काही दिसत नाही. आकृतीवर पाय देऊ नये. ही जागा खाजगी जमिनीत आहे की कशी, याची गावात चौकशी करून, शक्य तर गावातल्या माहीतगाराला बरोबर घेऊनच जावे. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी यांसह कोकणातील कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला आहे. ती टिकवण्यात गावकऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि पाहायला येणाऱ्यांनी त्यांचे काम वाढवू नये एवढीच अपेक्षा आहे.

हेच गावातल्या घरांच्या बाबतीतही. कौलारू घर आणि सारवलेले खळे कितीही मोहक दिसले तरी ते कोणाचे तरी अंगण आहे. कॅमेरा काढण्यापूर्वी हाक मारून विचारावे.

प्रश्न : हाच प्रवास जूनमध्ये केला तर? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : हिरवळीसाठी जायचे असेल तर जावे, समुद्रासाठी नव्हे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खिद्रापूरचा टप्पाही वगळावा, कारण कृष्णा-पंचगंगेचा पूर शिरोळ तालुक्यातील रस्ते बंद करतो. 2019 आणि 2021 चे अनुभव ताजे आहेत.

प्रश्न : परतताना त्याच रस्त्याने यायचे नाही. दुसरा मार्ग आहे का? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : आहे. जैतापूरहून दक्षिणेला विजयदुर्ग पाहून तळेरे गाठावे. तेथून वैभववाडी, गगनबावडामार्गे कोल्हापूर जवळ पडते. गगनबावड्याचा हा घाट दुरुस्तीसाठी बंद असेल तर कणकवलीच्या बाजूने फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरीमार्गे यावे. आम्हाला स्वतःला हा दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण तो दाट जंगलातून आणि राधानगरीच्या जलाशयाजवळून जातो. दाजीपूर हे गव्यांसाठी राखलेले अभयारण्य आहे. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे तो टप्पा दुपारी चारच्या आत पार करावा. गवा समोर आलाच तर गाडी थांबवावी, हॉर्न वाजवू नये, दिवे त्याच्या डोळ्यांवर मारू नयेत आणि खाली न उतरता तो बाजूला होईपर्यंत थांबावे. कोल्हापुरात एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्यास दुपारच्या जेवणाला पंढरपुरात पोहोचता येते.