वाचकांचे प्रश्न : मागच्या चाकांची पकड

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. इंजिन मूळचे ५ लिटरचे, दहा गिअरचे ऑटोमॅटिक, सोबत परफॉर्मन्स पॅकेज. एप्रिल ते ऑक्टोबर मी ती रोज ऑफिसला नेतो, ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ या गाड्यांच्या मेळाव्याला जातो आणि उन्हाळ्यात दोन-तीनदा ड्रॅग स्ट्रिपवरही, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, चालवतो. हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये असते. मागचे टायर आता झिजले आहेत. सिग्नल सुटल्यावर पाय जरा जास्त पडला की मागची चाके जागच्या जागी फिरतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये पावसात वळताना गाडीची मागची बाजू एकदम बाहेर फेकली गेली, तेव्हा माझी मुलगी शेजारी बसली होती. मित्र सांगतो, ड्रॅग रेडियल, म्हणजे अशा शर्यतीसाठीचे मऊ टायर, घे. दुकानदार म्हणतो, कोणतेही चालतील, फक्त रुंद घ्या. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ऑक्टोबरच्या पावसाचे आहे, सिग्नलचे नव्हे, आणि टायरची निवड त्या वाक्यापासूनच सुरू व्हायला हवी. सिग्नलला चाके फिरली तर रबर जळते आणि धूर होतो. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी समोरून येणाऱ्याच्या मार्गात जाते. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि आपल्या मित्राचा सल्ला फक्त पहिल्याला लागू पडतो.

आधी थोडा हिशेब मांडू, कारण त्यावाचून कोणत्या टायरकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरत नाही. आपल्या गाडीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, ५६९ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचे प्रमाण (जोर जितक्या पट वाढतो ते) ४.७० आणि मागच्या डिफरेन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या दातेरी जोडणीचे, ३.५५ धरले, चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर घेतली आणि वाटेतल्या घर्षणापोटी १५ टक्के वजा केले, तर मागची दोन्ही चाके मिळून रस्त्याला सुमारे २,३५० किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटू पाहतात. गाडीचे वजन सुमारे १,७०० किलो. त्यातले निम्म्याहून किंचित कमी मागच्या चाकांवर असते, आणि गाडी झेपावताना काही भार मागे सरकतो, तो धरून मागे साधारण ९५० किलो येतात. चांगला टायर कोरड्या डांबरावर आपल्यावरच्या भाराइतकाच किंवा त्याहून थोडा अधिक जोर पेलू शकतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताकदीने ओढू लागले, तर टायरला झेपेल त्याच्या जवळजवळ अडीच पट मागणी त्याच्याकडे होते. रस्त्यावर वापरण्याजोगा कोणताही टायर ही तूट भरून काढणार नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, जिथे प्रमाण २.१५ आहे, हाच जोर १,०७५ किलोच्या आसपास उतरतो, म्हणजे कोरड्या रस्त्यावर मागणी आणि पकड जेमतेम जुळतात. रस्ता ओला झाला की पकड बरीच घटते, आणि मग तिसऱ्या गिअरमध्येही, शहरातल्या साध्या वेगाला, चाके सुटू शकतात. ऑक्टोबरमध्ये बहुधा हेच घडले असावे. त्यात थंडीने कडक झालेले रबर आणि झिजलेल्या उथळ खाचा यांची भर पडली.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे वळू. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूत फार जुनी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रफळाने टेकतो ते मुख्यतः त्याच्यावरचा भार आणि आतली हवा यांवर ठरते. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर टेकण्याची जागा आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते. एकूण क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. रुंदीचा खरा फायदा असा की मऊ रबर जास्त पृष्ठभागावर वाटले जाते, उष्णता विभागली जाते आणि वळणावर टायर कमी दुमडतो. परंतु रबरच कडक असेल तर केवळ रुंदीने काही साधत नाही, उलट साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो. ३१५ मिलिमीटर रुंदीच्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑल-सीझन (बारमाही) टायरपेक्षा २७५ मिलिमीटर रुंदीचा चांगला समर टायर (उबदार हवेसाठीचा) कोरड्यातच नव्हे, तर उबदार पावसातही आपल्याला अधिक धरून ठेवील.

रबर किती मऊ आहे हे कळण्यासाठी अमेरिकेत टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा छापलेला असतो. तो टिकाऊपणाचा अंदाज देतो: टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल टायर चालवून, एका प्रमाणित टायरशी तुलना करून तो काढतात. आकडा जितका लहान तितके रबर साधारणपणे मऊ. आपल्या गाडीला कारखान्यातून लागणाऱ्या मिशलिन पायलट स्पोर्ट ४एसचा आकडा ३०० आहे. टोयो आर८८८आरचा १००. आणि ड्रॅग रेडियलमध्ये गणल्या जाणाऱ्या निट्टो एनटी०५आरवर तर ०० असे छापलेले असते. आकड्याशेजारी ट्रॅक्शन म्हणून एए, ए, बी, सी अशी जी श्रेणी दिसते तिच्यावर मात्र आपण विसंबू नये. नाव पकडीचे असले तरी ती चाचणी ओल्या पृष्ठभागावर, सरळ रेषेत, चाक ब्रेकने रोखून घेतलेली असते. कोरड्या रस्त्यावर झेपावताना किंवा वळताना टायर कसा वागेल, याबद्दल ती काहीच सांगत नाही. अनेक ग्राहक ही श्रेणी पाहून टायर निवडतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

ड्रॅग रेडियल ही फार कौशल्याने घडवलेली वस्तू आहे, हे मान्यच करायला हवे. तिचे रबर अतिशय मऊ असते आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. गाडी सुटताना ती दुमडते, टेकण्याची जागा मागेपुढे लांबते आणि धक्का रबरात जिरतो. २०१८ सालच्या डॉज चॅलेंजर डीमनला, ८४० अश्वशक्तीच्या गाडीला, कारखान्यातूनच ३१५/४० आर १८ मापाचे (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) निट्टोचे असे टायर चारही चाकांना बसवले होते. रस्त्यावर त्यांना कायद्याची मुभा आहे. तरीही रोजच्या गाडीला मी ते सुचवणार नाही. त्यांच्या खाचा उथळ आणि मोजक्या असतात, त्यामुळे पाणी बाहेर फेकले जात नाही. लवचीक साइडवॉलमुळे महामार्गावर लेन बदलताना गाडीची मागची बाजू किंचित डोलते, आणि पुढे ताठ साइडवॉलचे समर टायर असतील तर पुढचे चाक लगेच वळते व मागचे उशिरा. आणखी एक गोष्ट मित्रांच्या बोलण्यातून नेहमी सुटते: ड्रॅग स्ट्रिपवर सुटण्याच्या जागी चिकट द्रव्य फवारलेले असते आणि आधीच्या गाड्यांचे रबर बसलेले असते. तिथे अनुभवलेली पकड थंड, धुळकट रस्त्यावर मिळत नाही.

या सर्वांतून एक नियम निघतो, आणि आपल्यासाठी तो मी सर्वांत वर ठेवीन: ओल्या रस्त्यावर मागच्या टायरची पकड पुढच्यापेक्षा कधीही कमी असू नये. पुढची चाके आधी सुटली तर गाडी हव्या त्याहून सरळ जाते. पाय उचलला की बहुतेक वेळा ती परत ताब्यात येते. मागची आधी सुटली तर गाडी फिरते, आणि घाबरून एकदम पाय उचलला तर आणखीच फिरते. पुढे जवळजवळ नवे समर टायर आणि मागे उथळ खाचांचे ड्रॅग रेडियल, ही जोडी पावसात नेमकी उलटी ठरते. आपल्या गाडीवर मागचे झिजलेले आणि पुढचे त्या मानाने चांगले आहेत, म्हणजे तीच स्थिती आजही आहे. नवे टायर बसेपर्यंत पावसात गाडी काढू नये, एवढी विनंती.

माझा सल्ला असा : रस्त्यासाठी उत्तम प्रतीचे समर टायर घ्यावेत, शक्य असल्यास चारही एकाच जातीचे, पुढे २५५/४० आर १९ आणि मागे २७५/४० आर १९ या मूळ मापांतच. मागे अधिक रुंदी हवीच असेल तर ३०५/३५ आर १९ हे माप विचारात घ्यावे. फोर्डने जीटी३५० या मस्टँगला मागे हेच माप ११ इंची रिमवर दिले होते, आणि त्याचा व्यास आपल्या मूळ टायरपेक्षा जेमतेम एक टक्का कमी असल्याने एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ब्रेक लावताना व झेपावताना चाके सुटू न देणाऱ्या यंत्रणा) यांच्या गणितात फारसा फरक पडत नाही. मात्र आपली मागची रिम साडेनऊ इंची आहे. तिच्यावर ३०५ कोंबू नये. रिम बदलायची असेल तर ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते) नीट पाहून, आतल्या बाजूला सस्पेन्शनपासून आणि बाहेर फेंडरपासून अंतर मोजूनच ती घ्यावी. स्ट्रिपसाठी १८ इंची रिमवर ड्रॅग रेडियलची वेगळी जोडी ठेवावी आणि तिथे पोहोचल्यावर चढवावी. तेवढ्या पैशांत रस्त्याची सुरक्षितता आणि स्ट्रिपची मजा दोन्ही पूर्ण मिळतात. एकाच टायरकडून दोन्ही मागितली तर दोन्ही अर्धवट राहतात.

थंडीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण मिशिगनमधला एप्रिल आणि ऑक्टोबर हे उन्हाळ्याचे महिने नव्हेत. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली समर टायरचे रबर ताठ होऊ लागते आणि सकाळच्या पहिल्या काही मैलांत पकड फसवी असते. उणे ७ अंशांच्या आसपास गाडी हलवल्यास रबराला तडे जाऊ शकतात. गॅरेज तापवलेले नसेल तर हिवाळ्यात गाडी जागेवरून सरकवूही नये. सकाळी रस्ता ओला असेल तर स्नो-वेट मोड लावावा आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नये.

हवा दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की सुमारे एक पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी होते, म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासावी. स्ट्रिपवर ड्रॅग रेडियलमधली हवा उतरवतात, ते घरी परतताना तसेच ठेवू नये. नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो, त्यामुळे पहिले ८०० किलोमीटर जपून चालवावेत. इतके करूनही सुटताना मागची चाके उड्या मारत असतील, तर दोष टायरचा नसून मागच्या सबफ्रेमच्या (मागच्या चाकांची जोडणी धरणाऱ्या चौकटीच्या) बुशिंगचा, म्हणजे रबरी बैठकीचा, असू शकतो. त्या धक्क्यांनी ॲक्सल तुटतात, तेव्हा ते आधी दाखवून घ्यावे.

प्रश्न : मला चॅलेंजर हेलकॅटसाठी एकाने ड्रॅग रेडियलची जुनी जोडी अगदी स्वस्तात देऊ केली आहे. खाचा जवळजवळ नव्यासारख्या दिसतात. घ्यावी का?
— एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : खाचा पाहण्याआधी साइडवॉलवरचा डॉट क्रमांक वाचावा. त्यातले शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५१७ असेल तर टायर २०१७ सालच्या ३५व्या आठवड्यातला आहे. मऊ रबर वापराविनाही कडक होते, आणि स्ट्रिपवर वारंवार तापून थंड झालेले तर अधिकच. वरून ते नवे दिसते, नखाने दाबल्यावर मात्र मूळचा मऊपणा जाणवत नाही. चार-पाच वर्षांहून जुनी जोडी असेल तर ७०७ अश्वशक्तीच्या गाडीला ती मी फुकटातही बसवणार नाही. ह्यूस्टनच्या उष्णतेत रबर तापायला वेळ लागत नाही हे खरे, पण तिथला पाऊस सांगून येत नाही आणि रस्त्यावर पाणी काही मिनिटांत साचते. जोडी नवी आणि ताजी असली, तरी वेगळ्या रिमवर ठेवून फक्त स्ट्रिपसाठीच वापरावी.