पद्मिनीचे डिस्क ब्रेक आणि आंब्याचे पैसे

प्रश्न : हर्णैजवळ आमचं घर, साठ हापूस कलमं आणि दोन खोल्यांचं होमस्टे आहे. वडिलांनी घेतलेली १९७८ ची प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे, पण हल्ली दोन-तीनदा पंप मारल्याशिवाय ब्रेक धरत नाही. पुढच्या दोन चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायला चिपळूणच्या मेकॅनिकने ७८,००० रुपये सांगितले. आहे तीच ड्रमची सिस्टिम चारही चाकांना नवी करून द्यायचे १६,५००. बचत खात्यात १,६५,००० आहेत, २,००,००० ची एक एफडी आहे. घरखर्च महिना २८,०००. मुलगी यंदा बारावीला. पाहुण्यांना हर्णै बंदर, मुरुड, आंजर्ले फिरवून फेरीचे ५०० घेतले तर दोन वर्षांत खर्च सुटेल असा माझा हिशेब आहे. पीक कर्जातून किंवा पर्सनल लोन काढून हे काम करू का? गाडीची किंमत वाढेल ना?

उत्तर : पैशांचं नंतर बघू. पंप मारावा लागणारी गाडी आज रस्त्यावर काढू नका. पावसाळा तोंडावर आहे, पाहुणे नाहीत, गाडी मांगरात चार महिने उभी राहिली तर कुणाचं काही अडत नाही. उभी करताना हँडब्रेक मात्र ओढून ठेवू नका. आपल्या खाऱ्या हवेत ब्रेकचे शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी, ड्रमला चिकटून बसतात. चाकांना दगड लावा.

एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. सपाट खळ्यात गाडी उभी करून पॅडल पायाने दाबून मिनिटभर धरा. दाबलेलं पॅडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पॅडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या नळकांड्याचे, वॉशर गेले असं समजा. पंप मारल्यावर वर येऊन तिथेच टिकत असेल, तर लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजलेत, शूची ॲडजस्टमेंट सुटली आहे किंवा पाइपात हवा आहे. हे सगळे दुरुस्तीचे आजार आहेत. तुम्ही बिघडलेल्या ड्रमची तुलना नव्याकोऱ्या डिस्कशी करताय, आणि अशा तुलनेत डिस्कच जिंकणार. नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर (प्रत्येक चाकात शू ढकलणारे) आणि लेथवर गोल करून घेतलेले ड्रम असलेली पद्मिनी एकदा चालवून बघा, मग दोन्हींची तुलना करा. ही गाडी तशीच बनली होती, आणि तिच्या टॅक्सी मुंबईच्या गर्दीत २०२३ पर्यंत ड्रमवरच धावल्या.

दुसरी गोष्ट, डिस्क बसवली तरी १६,५०० मधला बराचसा खर्च टळत नाही. डिस्क फक्त पुढे येणार. मागचे ड्रम मागेच राहणार, हँडब्रेकही तिथलाच. त्यांचे सिलिंडर आणि लायनर या ७८,००० मध्ये धरलेत का, हे मेकॅनिकला विचारा. माझा अंदाज, नाही धरलेले.

आता डिस्कच्या बाजूने बोलायचं तेही मोकळेपणाने बोलतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकंच करतात. लांब उतारावर ड्रम तापतो, तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकडही कमी होते आणि पॅडल पोकळ लागायला लागतं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, ती उघडी असते, लवकर थंड होते. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम बराच वेळ धरत नाही, डिस्क दोन-चार वेळा दाबली की कोरडी होते. कोकणात या दोन्ही गोष्टींना अर्थ आहे. खुद्द फियाटने इटलीत १९६६ साली याच घराण्यातल्या ११०० आर गाडीला पुढे डिस्क दिली होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली आपली पद्मिनी मात्र ड्रमवरच राहिली. तेव्हा कल्पना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. शिवाय डिस्क, तिला दाबणारे पॅड आणि ते धरणारा कॅलिपर आजच्या चालू गाडीचे वापरले तर ते तालुक्याच्या दुकानात मिळतात. पद्मिनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईची टॅक्सी, आणि ती रस्त्यावरून गेली, म्हणजे तिच्या सुट्या भागांची मागणीही गेली.

पण तुम्ही गाडी चालवता कुठे? हर्णै, दापोली, मुरुड, आंजर्ले. वळणं आहेत, चढउतार आहेत, पण ताशी चाळीसच्या वर काटा जायला जागा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर निम्मं काम इंजिन करतं. वर्षातून एकदा माणसं आणि सामान भरून कुंभार्ली घाट उतरायचा असेल तर ती वेगळी गोष्ट. त्या एका फेरीसाठी भाड्याची गाडी किंवा एसटी ७८,००० पेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आणि ७८,००० हा आकडा तिथेच थांबेल असं मला वाटत नाही. ड्रममध्ये शू स्वतःला थोडा ओढून घेतो, डिस्कमध्ये तसं होत नाही, म्हणून पायाला जोर जास्त लागतो आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवावा लागतो. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर त्याची मापं कॅलिपरला जुळतीलच असं नाही. शिवाय ड्रमसाठी पाइपात थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात. कॅलिपर जुन्या रिमच्या आत मावतो का, पुढचे ब्रेक जोरदार झाल्यावर मागच्या चाकांशी तोल जमतो का, हेही बघावं लागतं. मेकॅनिककडून सुट्या भागांची यादी लिहून घ्या. कुठल्या गाडीचा कुठला भाग, हे त्याला सांगता येत नसेल तर तो तुमच्या गाडीवर शिकणार आहे, आणि फी तुम्ही भरणार आहात.

आता तुमच्या खिशाकडे येतो. बचत खात्यातले १,६५,००० तुम्हाला मोठे दिसतात, कारण आंब्याचे पैसे नुकतेच आलेत. पण जून ते ऑक्टोबर होमस्टे जवळपास बंद. पाच महिने गुणिले २८,००० म्हणजे १,४०,०००. ते किराणा, वीज आणि मुलीच्या क्लासचे पैसे आहेत, ते आजच खर्च झाले असं धरा. उरले २५,०००. ड्रमचं १६,५०० चं काम त्यात बसतं, टायर पाहण्यापुरते आठेक हजार हातात राहतात. ७८,००० बसत नाहीत.

मग एफडी. ती सात महिन्यांचा घरखर्च आहे, आणि बागायतदाराला मी याहून कमी राखीव ठेवू देणार नाही. पगारदार माणसाचा एक महिना चुकतो, तुमचं चुकलं तर वर्ष चुकतं. ऐन मोहोरात अवकाळी झाला, फुलकिडे आले की गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात उभी कलमं आडवी केली, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली असतील. नवं कलम लावून त्याचं उत्पन्न यायला वर्षं जातात. त्यात पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये मुलीच्या प्रवेशाची फी, म्हणजे नेमकं हात आखडलेल्या महिन्यांत. एफडीला हात लावू नका. उलट मुदत संपली की २,००,००० ची एक ठेवण्याऐवजी ५०,००० च्या चार करा. म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल आणि मुदतीआधी मोडल्याची कपात तेवढ्यावरच बसेल.

पीक कर्जाचा विचार डोक्यातून काढा. वेळेत फेडलं तर किसान क्रेडिट कार्डावर ४ टक्के पडतात हे खरं, आणि म्हणूनच मोह होतो. पण ते पैसे फवारणी, खत आणि राखणदारासाठी आहेत. ते ब्रेकमध्ये घातलेत तर मोहोराच्या वेळी फवारणी उधारीवर येईल. मुदतीत फेडता आलं नाही की व्याजाची सवलतही जाते. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २,६६६ रुपये, व्याज १८,००० च्या आसपास. पण हप्ता दरमहा येतो, आणि तुमचं उत्पन्न दरमहा येत नाही.

तुमच्या हिशेबातला पाचशे रुपयांच्या फेरीचा रकाना तर मी लाल पेनने खोडला आहे. खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, त्यासाठी परमिट लागतं. पॉलिसी काढून वाचा, ‘वापराची मर्यादा’ या कलमात भाड्याने वापर वगळलेला असतो. उद्या आंजर्ल्याच्या वळणावर पाहुण्याला इजा झाली तर विमा कंपनी अंग काढून घेईल, किंवा न्यायालयाच्या आदेशाने भरपाई देऊन तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करेल. मग साठ कलमं आणि घर पणाला लागतं. भाडं खोलीच्या बिलात मुरवलं तरी विमा कंपनीचा सर्व्हेअर तो प्रश्न विचारणारच. त्यापेक्षा ही गाडी अंगणात, धुऊनपुसून, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवा. फोटोसाठी लोक येतील, आणि त्याला परमिट लागत नाही.

किंमत वाढेल का? बहुतेक नाही. जुन्या गाडीचा हौशी गिऱ्हाईक ती जितकी मूळ तितके जास्त मोजतो. डिस्क पाहून खूश होणारा भेटलाच, तरी तुमचे ७८,००० परत देणार नाही. एक बरं, वैयक्तिक वापराची गाडी आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे विकून नफा झाला तर कर नाही. अर्थात तोटा झाला तर वजावटही नाही. हा हौसेचा खर्च आहे, आणि हौस वाईट नसते. फक्त तिला गुंतवणुकीचं नाव देऊन कर्ज काढू नका.

२०२८ मध्ये पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाल्यावर व्हिंटेज नोंदणीचा पर्याय कुणी सुचवेल. २०२१ च्या नियमांनुसार ती मिळते, पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. दापोलीच्या बाजाराला न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला असा. पावसाळ्यात ड्रमचं काम चारही चाकांना पूर्ण करून घ्या, त्यात होज पाइप आणि ब्रेक ऑइलसुद्धा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे तर ओढायला भरपूर आहे, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. गाडीला एकच सर्किट असेल, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकं गेली, तर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसतो का ते आधी विचारा. डिस्कच्या आधी मी पैसे तिथे घालेन. मग दिवाळीपर्यंत गाडी चालवा.

पुढच्या मे महिन्यात फी बाजूला काढून, एफडी शाबूत ठेवून, पाच महिन्यांचा खर्च मोजून ८०-९० हजार उरले आणि डिस्कची इच्छा तशीच असली, तर खुशाल करा. माझी हरकत नाही. त्याआधी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे या बदलाला मंजुरी लागते का, हे रत्नागिरीच्या आरटीओत अर्ज करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही पत्र द्या, पोच घ्या. इतक्या जुन्या गाडीचं विमामूल्य कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, त्यामुळे पक्कं बिल आणि फोटो जपून ठेवलेत तर बोलायला आधार राहतो. मेकॅनिकला बजावा की काहीही कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, सगळं बोल्टवर बसलं पाहिजे. काढलेले ड्रम, शू, सिलिंडर ग्रीस लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी तेच मागेल.