थांबायला पावसाची परवानगी

“मॅडम, थांबले की अपराधी वाटते.” समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे की, ते सुरू होताच पुढचे शब्द मला ठाऊक असतात. बोलणारी व्यक्ती कधी संगणक क्षेत्रातील तरुण असते, कधी शाळेतील शिक्षिका, तर कधी निवृत्तीनंतरही सकाळी साडेपाचचा गजर बंद न केलेले गृहस्थ. दिवस कामांनी गच्च भरलेला असतो, कामे बहुधा वेळेवर होतात, आणि तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकताना आपण दिवसभर नेमके कुठे होतो, हे आठवत नाही. अलीकडे या तक्रारीला एक प्रश्नही जोडलेला असतो. “ते हळू जगणे म्हणतात, ते आमच्यासारख्यांना कसे जमणार? त्यासाठी नोकरी सोडून कोकणात कौलारू घर बांधावे लागते ना?” हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी मी मेधाताईंची हकीकत सांगते. त्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

मेधाताई पहिल्यांदा आल्या, तेव्हा खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसल्या होत्या आणि पर्स मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हत्या. वय एकेचाळीस, घर डोंबिवलीत, नोकरी मुंबईत एका बँकेच्या कार्यालयात. घरी पती, नववीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. त्यांचा पहिला प्रश्न होता, “साधारण किती सत्रांत होईल?” हळू व्हायला किती लवकर शिकता येईल, असे मला विचारणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या.

खुर्चीच्या कडेचे सांगते, कारण तिला एक इतिहास आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षालयातील खुर्च्या केवळ पुढच्या कडेलाच झिजतात, हे तेथील गाद्या बदलायला आलेल्या कारागिराच्या प्रथम लक्षात आले, अशी हकीकत सांगितली जाते. सतत घड्याळाशी झुंजणाऱ्या या वृत्तीचा त्या दोघांनी १९५० च्या दशकापासून अभ्यास केला आणि पुढे तिला ‘घाईचा आजार’ म्हटले. घाईपेक्षा तिच्यासोबत येणारा चिडखोरपणा आणि वैरभाव हृदयाला अधिक जाचक असतो, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. माझ्या अनुभवात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या येत नाहीत. घाई घरात शिरते तेव्हा चिडचिडीला हाताला धरूनच आणते.

मेधाताईंच्या घरी ती शिरलेलीच होती. त्यांचा मुलगा शेजारच्या खोलीत बसून आईला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवू लागला होता. बोलायला काय होते, असे त्यांनी रागाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बोलून सांगितले की तू माझे वाक्य मध्येच पूर्ण करतेस. लिहिले की निदान शेवटपर्यंत वाचतेस.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. मला त्यांच्या अश्रूंपेक्षा त्या घड्याळाकडे वळलेल्या नजरेने अधिक सांगितले.

येथे माझी चूकही नोंदवायला हवी. पहिल्या दोन भेटींत मी त्यांच्याकडून दिनक्रम लिहून घेतला आणि त्यात थोडी मोकळी जागा ठेवण्याची सूचना केली. पुढच्या वेळी त्या संगणकावर तयार केलेला चार रंगांचा तक्ता घेऊन आल्या. त्यात एक ओळ होती : रात्री ९.१० ते ९.२५, निवांतपणा. तीन दिवस त्यांनी तो निवांतपणा वेळेवर उरकला. चौथ्या दिवशी पाहुणे आल्यामुळे तो हुकला, आणि आपल्याला एवढेही जमत नाही म्हणून त्यांना रात्रभर झोप लागली नाही. मला हसू आले नाही. ज्या व्यक्तीच्या पाठीवर वेळापत्रकाचाच चाबूक होता, तिच्या हाती मी आणखी एक चाबूक दिला होता. बावीस वर्षे या खुर्चीत बसूनही असे होते, आणि ते वेळीच ओळखता येणे हीच कदाचित त्या बावीस वर्षांची कमाई असावी.

चौथी भेट जुलैमध्ये झाली. आदल्या आठवड्यात मुसळधार पावसाने मध्य रेल्वे नेहमीप्रमाणे कुर्ला आणि शीवच्या आसपास पाण्यात बसली होती आणि मेधाताईंची गाडी ठाण्याच्या पुढे दोन तास एकाच जागी उभी होती. मी सहानुभूती दाखवली, फार त्रास झाला असेल, असे म्हणाले. त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग जरा संकोचून म्हणाल्या, “खरे सांगू का? मला फार बरे वाटले.”

“काय बरे वाटले?”

“खिडकीजवळ जागा मिळाली होती. समोरच्या भिंतीवर शेवाळ आले होते, त्याच्यावरून पाणी ओघळत होते. मी तेच पाहत बसले. शेजारच्या बाईंनी डबा उघडला, मला चपातीचा तुकडा दिला. इतक्या वर्षांत त्यांचे नाव मला तेव्हा कळले. कार्यालयातून फोन आला तर मी सांगू शकत होते की गाडी अडकली आहे. माझ्या हातात काहीच नव्हते.”

“आणि गेल्या रविवारी, घरी, दुपारी दोन तास मोकळे होते असे तुम्ही म्हणाला होता. तेव्हा असे बरे वाटले नाही?”

“छे. रविवारी मी कपाट आवरले.”

“का?”

“मग काय नुसते बसायचे?”

“गाडीत नुसत्याच बसला होता ना?”

“पण तिथे तर पाऊस होता,” त्या म्हणाल्या, आणि आपणच उच्चारलेल्या वाक्यापाशी अडखळून थांबल्या.

मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जीभ आवरायची असते आणि तेच सर्वांत अवघड असते, कारण निष्कर्ष आपल्या तोंडात तयार असतो. बऱ्याच वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे मला थांबायला पावसाची परवानगी लागते.” त्यानंतर त्या खुर्चीत मागे सरकून बसल्या. पर्स कधी जमिनीवर ठेवली गेली, ते त्यांनाही कळले नसावे.

आमच्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. त्या संध्याकाळी मला जे उमगले, ते त्यानंतर अनेकांच्या बाबतीत पडताळून पाहता आले. या लोकांना विश्रांती घेता येत नाही असे नाही. ताप आला, संप झाला, गाडी अडकली, वीज गेली की ते उत्तम विश्रांती घेतात. त्यांना येत नाही ते स्वतःच्या सहीने थांबणे. दोष देण्यासाठी बाहेरचे कोणीतरी असले की मन मोकळे होते. थांबण्याचा निर्णय स्वतःचा असला की तेच मन आरोपपत्र काढते.

त्या आरोपपत्रातील कलम कोणते, हे शोधण्याकडे माझा कल असतो, कारण मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपरंपरेत वाढले. माणूस प्रसंगामुळे जितका अस्वस्थ होतो, त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयी स्वतःला जे ठासून सांगत असतो त्यामुळे होतो, हे एलिस १९५५ पासून सांगत आले. या विचाराला आपल्या भाषेने फार सोयीचे अक्षर दिले आहे, ते म्हणजे ‘च’. मेधाताईंनी कागदावर लिहिले, “एकही मिनिट वाया जाताच कामा नये.” मग मी त्यांना तेच वाक्य ‘च’ काढून वाचायला सांगितले. “मिनिटे वाया जाऊ नयेत, हे बरे.” दुसऱ्या वाक्याने कोणी खुर्चीच्या कडेवर बसत नाही. या ‘च’चा उगमही सापडला : लहानपणी घरात रिकामा बसलेला माणूस म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर बसलेला, असे त्यांचे वडील म्हणत. ते गरिबीतून वर आले होते आणि त्यांच्यापुरते ते खरेही होते. मुलीने मात्र ते वाक्य परिस्थिती बदलल्यावरही तसेच जपून ठेवले होते.

‘वाया’ या शब्दाचा अर्थ मात्र आम्हाला नव्याने लावावा लागला, आणि तेथे मला इटलीची आठवण झाली. १९८६ मध्ये रोममधील स्पॅनिश पायऱ्यांजवळ एका अमेरिकी फास्ट फूड साखळीचे दुकान निघाले, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला आणि १९८९ मध्ये पॅरिसमध्ये ‘स्लो फूड’ चळवळीचा जाहीरनामा स्वीकारला गेला. आज मोबाइलवर हळू जगण्याची जी सुबक चित्रे दिसतात, त्या शब्दामागे ही भांडणाची गोष्ट आहे. घास किती मिनिटांत गिळायचा एवढ्यापुरते ते भांडण नव्हते. अन्न कोणी पिकवले, कसे शिजवले आणि ते कोणाच्या संगतीने खाल्ले, याकडे लक्ष असावे, हा त्यांचा आग्रह होता. मुलाचे वाक्य शेवटपर्यंत ऐकण्यात गेलेले मिनिट या हिशेबात वाया जात नाही, हे मेधाताईंना पटायला वेळ लागला नाही. पटणे आणि वळणे यांत मात्र अंतर असते.

म्हणून गृहपाठ दिला. एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना लाज वाटेल अशी निरुपद्रवी कृत्ये मुद्दाम करायला लावत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्थानकांची नावे मोठ्याने पुकारणे हे त्यांचे आवडते उदाहरण. मध्य रेल्वेच्या गर्दीत असे काही सुचवण्याचे धाडस माझ्यात नाही. मेधाताईंना मी एवढेच सांगितले की, संध्याकाळी घरी आल्यावर, सर्वांच्या देखत, दहा मिनिटे गॅलरीत चहाचा कप घेऊन बसायचे. निवडायला भाजी घ्यायची नाही, मोबाइल घ्यायचा नाही, आणि कोणी पाहिले तर उठायचे नाही. वेळ ठरवायची नाही, जागा मात्र ठरवायची.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारले, “बरे नाही का गं?” दुसऱ्या दिवशी, “आजही बरे नाही?” तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे मेधाताईंच्या पतींना, विचारले की हिला डॉक्टरांकडे न्यायला हवे का. आपल्याकडे बाईने नुसते बसणे हे आजाराचे लक्षण मानले जाते, त्याचा याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही. पाचव्या दिवशी सासूबाई स्वतःचा कप घेऊन शेजारी येऊन बसल्या.

त्या बसल्या आणि वारीविषयी बोलू लागल्या. पूर्वी त्यांनी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अनेकदा चालली होती. दिवेघाटाची चढण चढून पालखी सासवडला पोहोचते, तिथे ती एक दिवस अधिक राहते. दुपारचे विसावे आणि रात्रीचे मुक्काम आधीपासून ठरलेले असतात. “विसाव्याला थांबलो की कोणी विचारत नाही, का थांबलात म्हणून,” त्या सुनेला म्हणाल्या. मेधाताईंनी हे वाक्य मला जसेच्या तसे आणून दिले, आणि मी ते तेव्हापासून निःसंकोचपणे इतरांना देत आले आहे. आषाढीचा दिवस चुकवून चालत नाही, तरी वारकरी धावत सुटत नाहीत. एकादशी गाठण्याच्या हिशेबातच विसावा धरलेला असतो. कोकणातल्या घराविषयी विचारणाऱ्यांना मी म्हणून सांगते की, गाव बदलण्यापूर्वी आपल्या दिवसात विसाव्याची दोन ठिकाणे आहेत का, ते पाहावे.

दिवसाला लय यावी म्हणून आम्ही आणखी एक गोष्ट केली, आणि ती मनापेक्षा घराविषयी होती. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, स्वतःच्या घरचे काम विनामोबदला करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. हा फरक डोळ्यांआड करून बाईला केवळ दीर्घ श्वास घ्यायला सांगणारे समुपदेशन मला अप्रामाणिक वाटते. मेधाताईंच्या पतींना मी एका भेटीला बोलावले. ते शांत, समंजस गृहस्थ होते. बायकोचा वेग हा तिचा स्वभाव आहे, असे त्यांनी पंधरा वर्षे गृहीत धरले होते. सकाळचे डबे आणि मुलाची तयारी त्यांनी स्वतःकडे घेतली. पहिले दोन आठवडे मुलाने भाजीबद्दल कुरकुर केली. मेधाताईंना ते हातात काही न घेता पाहत राहावे लागले, आणि त्यांच्या मते गॅलरीतील चहापेक्षा हा गृहपाठ कितीतरी कठीण होता.

ज्यांना स्वतःपुरते काही करून पाहायचे आहे, त्यांनी एकदम दिवसभर मंदावू नये; अशी मंदी दोन दिवसांत मोडते. दिवसातील एकच नेहमीची कृती निवडावी, जेवण, चालणे, मुलाशी बोलणे यांपैकी कोणतीही, आणि ती करताना दुसरे काही करू नये. तेव्हा मनात जो ‘च’ डोकावेल, तो लिहून ठेवावा. मेधाताईंनी गाडी निवडली. त्या शुक्रवारी डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या धीम्या लोकलने जाऊ लागल्या. त्यासाठी घरातून लवकर निघावे लागते, पण बसायला जागा मिळते. इतर चार दिवस त्या आजही जलद गाडीच्या गर्दीत असतात, आणि त्याबद्दल मला किंवा त्यांना खंत नाही.

एकूण नऊ भेटी झाल्या. शेवटची फेब्रुवारीत झाली, आणि निरोप घेताना मी त्यांना मार्चची आठवण करून दिली, कारण आर्थिक वर्षाची अखेर बँकेत काय करते, हे मला ठाऊक होते. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. मार्चमध्ये तीन आठवडे गॅलरी बंद पडली होती, मुलावर दोनदा ओरडणे झाले होते, शुक्रवारची धीमी गाडीही सुटली होती. “मग २ तारखेला संध्याकाळी पुन्हा जाऊन बसले,” त्या म्हणाल्या. “सासूबाई आधीच तिथे होत्या. म्हणाल्या, आलीस का?”